नेट चालू आहे, मग मेल का येत नाही?

माझ्या दुकानात येणारं गिऱ्हाईक तक्रार सांगत नाही, थेट निदान सांगतं. "नेट स्लो झालंय", "कॉम्प्युटर म्हातारा झालाय", नाहीतर "व्हायरस शिरलाय, फॉरमॅट मारून द्या." खरी तक्रार आपणच उकरून काढायची. ती बहुतेक वेळा अशी निघते: मेलचा प्रोग्रॅम उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, एका मेलवरून दुसऱ्यावर गेलं की पडदा पांढरा पडतो, आणि पार्टीनं सोमवारी पाठवलेला मेल गुरुवारपर्यंत दिसतच नाही. मग मी मशीन उघडून बसतो. नेट ठीक असतं, व्हायरस नसतो, आणि कॉम्प्युटर जुना असला तरी एवढ्या कामाला पुरेसा असतो.

केडगाव स्टेशनच्या आसपास मी ही कामं करतो. पुण्यातल्या लोकांना वाटतं की गावाकडे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर चालतं. अर्धं खरं आहे. कांद्याचा भाव, उसाची तोड, लग्नाची पत्रिका, सगळं तिथंच. पण कुरकुंभच्या एमआयडीसीतली कंपनी व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देत नाही. तिची पीओ, म्हणजे परचेस ऑर्डर, मेलनेच येते आणि त्याआधीची कोटेशनची मागणीही. सोबत ड्रॉइंग, अटींची पानं, आणि खाली 'अमुक तारखेला पाचच्या आत कोटेशन द्या'. चौफुला, वरवंड, पाटस या हायवेच्या पट्ट्यातले फॅब्रिकेशनवाले, ट्रान्सपोर्टवाले, टॅक्सची कामं करणारे, शाळा-संस्थांची ऑफिसं, या सगळ्यांचं पोट मेलवर आहे. तसं पाहिलं तर लांबच्या पत्रव्यवहाराचं केडगावला अप्रूप नाही. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. शंभर वर्षांपूर्वीही इथून 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं इंग्रजी पत्रक छापून सातासमुद्रापार जात होतं आणि तिकडची पत्रं इथं येत होती.

आता कुणी विचारेल, ब्राउझरमध्ये जीमेल उघडायचं सोडून आउटलुक आणि थंडरबर्ड हे मेलचे प्रोग्रॅम हवेत कशाला? माझं मत विचाराल तर आमच्याकडे ते हवेतच. लाइट जाते, नेट जातं, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की दोन दोन दिवस जातं. तेव्हा पाच वर्षांपूर्वी कुणाला काय रेट दिला होता ते आपल्याच डिस्कवर शोधता येतं. फक्त त्या प्रोग्रॅमच्या पोटात काय चाललंय हे थोडं माहीत पाहिजे. ते कुणी सांगत नाही. सेटअप करून देणारा 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' करून निघून जातो.

मशीनला हात लावायच्या आधी मी एकच गोष्ट बघतो. त्याच गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर, किंवा ब्राउझरमध्ये, तोच मेल अकाउंट उघडायला लावतो. मेल तिथं दिसतोय का? दिसत असेल तर मेल आलेला आहे, आपल्या डेस्कटॉपवर पोहोचलेला नाही किंवा पोहोचून दडून बसलाय. तिथंही नसेल तर डेस्कटॉपशी झटण्यात अर्थ नाही, घोटाळा पलीकडे आहे. या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. तरीही लोक हे न बघता नवीन राउटर घेऊन येतात.

मेल आपल्या मशीनवर यायच्या दोन तऱ्हा आहेत. जुनी म्हणजे पॉप. ती १९८० च्या दशकातली आहे आणि आजही वापरात आहे तो तिचा तिसरा अवतार. पॉप सर्व्हरवरचा मेल उचलून आपल्या डिस्कवर आणतो आणि सेटिंग असेल त्याप्रमाणे सर्व्हरवरचा काढूनही टाकतो. दुसरी तऱ्हा आयमॅप. मार्क क्रिस्पिन या माणसाने १९८६ साली ती बांधली. तिच्यात अस्सल मेल सर्व्हरवरच राहतो, आपल्याकडे फक्त त्याची नक्कल उतरते. डायलअपच्या काळात, म्हणजे १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं त्यानंतरची काही वर्षं, पॉपच शहाणपणाचा होता. फोन जोडायचा, मेल उचलायचे, फोन तोडायचा. मिनिटामिनिटाचे पैसे लागत होते.

आज त्याच पॉपमुळे बापलेकांत भांडणं होतात. वडील दुकानातल्या डेस्कटॉपवर, पोरगा घरी लॅपटॉपवर, पत्ता एकच. ज्याच्या मशीनने मेल आधी उचलला त्याच्याकडे मेल, दुसऱ्याकडे नाही. "पप्पा, तुम्ही डिलीट करता!" "अरे, मी हातसुद्धा लावला नाही." दोघंही खरं बोलत असतात. पॉपच्या सेटिंगमध्ये 'मेल सर्व्हरवर ठेवा' अशी एक खूण असते. थंडरबर्डमध्ये ती आपोआप असते, पण तिच्यासोबत 'जास्तीत जास्त १४ दिवस' हेही असतं. म्हणजे पंधरवडाभर गावाला गेलेल्या माणसाच्या मशीनला आधीचे मेल मिळणारच नाहीत. दोन मशीन किंवा एक मशीन आणि एक मोबाइल असेल तर आयमॅपच लावा, असं मी प्रत्येकाला सांगतो. पॉप काढायच्या आधी डिस्कवर उतरलेले जुने मेल मात्र सांभाळून ठेवावे लागतात. त्यांची दुसरी प्रत जगात कुठेही नसते.

आता संथपणाकडे येतो, कारण खरी मजा तिथं आहे.

चौफुल्याजवळच्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचं मशीन माझ्याकडे आलं होतं. टाक्या, पाइपलाइन, स्ट्रक्चर अशी कुरकुंभची कामं करणारे गृहस्थ. त्यांना सगळे मामा म्हणतात, मीही म्हणतो. असेंबल्ड डेस्कटॉप, जुनी फिरती हार्ड डिस्क, थंडरबर्ड. मामा म्हणाले, "इनबॉक्समध्ये तीनशे मेल बी नाहीत बघा. मी रोज साफ करतो. तरी बैलगाडीगत चाललंय." इनबॉक्स उघडून पाहिला. खरोखर साफ. मग मी प्रोफाइलचं फोल्डर उघडलं, म्हणजे थंडरबर्ड आपला सगळा संसार जिथं ठेवतो ती जागा. तिथं 'इनबॉक्स' नावाची एकच फाइल होती, तिची साइज नऊ जीबीच्या पुढं. तीनशे मेलना नऊ जीबी!

मामांचा विश्वास बसेना. याचं कारण असं की थंडरबर्ड प्रत्येक मेलची वेगळी फाइल करत नाही. मूळ सेटिंगप्रमाणे एका फोल्डरचे सगळे मेल एकाखाली एक असे एकाच लांबलचक फाइलमध्ये लिहिलेले असतात. उधारीच्या वहीत जसं फिटलेल्या नोंदीवर काट मारतात पण पान फाडत नाहीत, तसं हा प्रोग्रॅम करतो. तुम्ही मेल डिलीट केला किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला की मूळ जागी फक्त खूण होते, 'हा गेला'. मजकूर आणि त्याची जड ड्रॉइंग तिथंच पडून राहतात. मामा वर्षानुवर्षं रोज साफसफाई करत होते आणि वही जाड होत चालली होती.

त्यात अटॅचमेंटचं एक गुपित आहे. मेल ही मुळात साध्या अक्षरांसाठी केलेली व्यवस्था. ड्रॉइंग किंवा फोटो तिच्यातून पाठवायचा तर त्याचं आधी अक्षरांत रूपांतर होतं, आणि त्यात तो साधारण एक तृतीयांशाने फुगतो. १५ एमबीची पीडीएफ मेलमध्ये २० एमबी होऊन बसते. मर्यादेत बसेल असं वाटलेली फाइल कधीकधी अडते ती याच हिशोबाने. तीच पीडीएफ इकडून तिकडे फॉरवर्ड होत राहिली, तर एकाच टाकीचं ड्रॉइंग डिस्कवर कितीदा बसलंय याला मोजदाद राहत नाही.

यावर उपाय प्रोग्रॅममध्येच दिलेला आहे. फोल्डरवर उजवं क्लिक केलं की 'कॉम्पॅक्ट'. त्यात काट मारलेले मेल वगळून वही नव्याने लिहिली जाते. पण नव्याने लिहायला जागा लागते. मामांच्या सी ड्राइव्हवर लाल पट्टी होती, मोकळी जागा जवळजवळ नव्हतीच. थंडरबर्ड आपणहून कॉम्पॅक्ट करायचं का असं विचारत असणार, मामा 'हो' म्हणत असणार, आणि जागेअभावी ते अर्ध्यावर सुटत असणार. मी आधी पूर्ण प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर कॉपी केलं. ही पायरी मी कधीच टाळत नाही. मग ड्राइव्हवरचे जुने सिनेमे आणि डाउनलोडमधला पसारा हलवला आणि कॉम्पॅक्ट लावलं. नऊ जीबीची फाइल काही शे एमबींवर आली. मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "आन् माझे मेल?" तीनशेच्या तीनशे जागेवर.

याच घोटाळ्याचा धाकटा भाऊ म्हणजे अनुक्रमणिका बिघडणं. त्या मोठ्या फाइलच्या शेजारी एक छोटी फाइल असते. कोणता मेल कुठं सुरू होतो, कोणता वाचलेला, कोणता न वाचलेला, हे तिच्यात लिहिलेलं असतं. पडद्यावर दिसणारी यादी मोठ्या फाइलवरून येत नाही, या छोट्या फाइलवरून येते. मशीन चालू असताना लाइट गेली आणि यूपीएसनेही मान टाकली की ही छोटी फाइल हमखास अर्धवट राहते. मग मेल डिस्कवर असतो पण यादीत नसतो, किंवा यादीत असतो आणि उघडला की भलत्याच कुणाचा मजकूर दिसतो. लोक घाबरतात, 'हॅक झालं' म्हणतात. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रिपेअर फोल्डर' असं बटण आहे, ते दाबलं की अनुक्रमणिका नव्याने बनते.

आउटलुकवाल्यांचं दुखणं याच जातीचं, फक्त तिथं सगळे फोल्डर मिळून एकच फाइल असते: पीएसटी, नाहीतर ओएसटी. जुन्या आउटलुकमध्ये तिला २ जीबीची हद्द होती. तिथं पोहोचली की फाइलच मोडायची. आउटलुक २००३ पासून नवी पद्धत आली आणि हद्द २० जीबी झाली, २०१० पासून ५० जीबी. लोक ५० चा आकडा ऐकून निर्धास्त होतात. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सांगणं मात्र वेगळं आहे: ५ जीबीपर्यंत बहुतेक मशीनवर सुरळीत चालतं, १० च्या पुढे मधेमधे थबकायला लागतं, २५ च्या पुढे वारंवार. फिरती डिस्क असेल तर आमच्याकडे ते आधीच सुरू होतं. म्हणून वर्षाची एक वेगळी फाइल करून जुने मेल तिच्यात हलवावेत. फाइल मोडलीच तर ऑफिससोबत 'स्कॅनपीएसटी' नावाचं दुरुस्तीचं हत्यार येतं. फाइलची प्रत काढून घेतल्याशिवाय ते चालवू नये. आणि पीएसटी नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनच्या शेअर्ड ड्राइव्हवर ठेवू नये. हे कितीही सांगितलं तरी 'दोघांना वापरता येईल' म्हणून ठेवतात, आणि मग दोघांनाही वापरता येत नाही.

अँटिव्हायरसबद्दल दोन शब्द. तो हवा, यात वाद नाही. पण एक नवा मेल आला की ती अख्खी मोठी फाइल बदलली असं त्याला वाटतं आणि तो ती पहिल्यापासून चाळायला घेतो. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या मेलमध्ये खरंच काही सापडलं, तर तो मेल उचलण्याऐवजी कधीकधी पूर्ण इनबॉक्सची फाइल कोठडीत टाकतो. सकाळी ऑफिस उघडावं तर इनबॉक्स रिकामा. प्रोफाइलचं फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळायचं. अटॅचमेंट उघडताना किंवा बाहेर सेव्ह करताना ती तपासली जातेच, तेवढं पुरतं.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर नवा कॉम्प्युटर घेऊ नका, फिरती डिस्क काढून एसएसडी टाका. मोठ्या फाइलमध्ये इकडून तिकडे उड्या मारायच्या असल्या की फिरत्या डिस्कचं डोकं पुढंमागं धावत बसतं, सगळा वेळ त्यातच जातो. एसएसडीत फिरणारं काही नाहीच.

आता न दिसणाऱ्या मेलकडे. मोबाइलवर मेल दिसतोय, डेस्कटॉपवर नाही. आधी अगदी बावळट वाटतील अशा गोष्टी बघायच्या, कारण बहुतेकदा त्याच असतात. यादीच्या वर 'तारीख' लिहिलेल्या रकान्यावर चुकून क्लिक झालं की क्रम उलटतो आणि नवे मेल तळाला जातात. माणूस वर बघत बसतो आणि मेल खाली साचत राहतात. 'फक्त न वाचलेले दाखवा' अशी चाळणी लागून राहते. आउटलुकमध्ये 'फोकस्ड' आणि 'अदर' असे दोन कप्पे असतात, आणि कोटेशनची मागणी दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसते. 'वर्क ऑफलाइन' कुणाच्या तरी हातून दाबलं गेलेलं असतं. शेवटी स्पॅमचा फोल्डर. जीमेल तिथले मेल ३० दिवसांनी कायमचे काढून टाकतं, म्हणून आठवड्याला एकदा तरी तिथं डोकवावं.

यापेक्षा बेरकी प्रकार फोल्डरचा. एका ट्रान्सपोर्टवाल्या अण्णांच्या पोरीने, हुशार पोरगी, जीमेलमध्येच नियम लावून दिला होता: अमुक कंपनीकडून मेल आला की तो इनबॉक्समध्ये न थांबता थेट त्या कंपनीच्या नावाच्या लेबलात जावा. ब्राउझरमध्ये हे झकास चालतं. पण आयमॅपवर थंडरबर्ड ठरावीक वेळाने नव्या मेलची चौकशी करतो ती मुळात फक्त इनबॉक्सची. बाकीच्या फोल्डरमध्ये काय आलं ते तुम्ही त्या फोल्डरवर क्लिक केल्यावर त्याला कळतं. नियमाने मेल इनबॉक्सला वळसा घालून जात होता, घंटी वाजत नव्हती, आणि अण्णा म्हणत होते कंपनीने कामच बंद केलं. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'नवे मेल घेताना हा फोल्डर नेहमी तपासा' या अर्थाची एक चौकट आहे. तिच्यात खूण केली. दुसरं काहीही केलं नाही. त्याच मशीनवर मी जीमेलचा 'ऑल मेल' हा फोल्डरही आयमॅपच्या यादीतून काढून टाकला. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबलं असतात. पण आयमॅपला ती फोल्डर म्हणून दिसतात, त्यामुळे एकच मेल इनबॉक्समध्येही उतरतो आणि 'ऑल मेल'मध्येही. डिस्क दुप्पट भरते आणि नेटही दुप्पट जातं.

एक दुखणं मात्र आमच्या भागाचं खास आहे. आयमॅपमध्ये 'आयडल' नावाची सोय आहे, १९९७ पासून. आपला प्रोग्रॅम सर्व्हरशी जोडणी उघडी ठेवतो आणि गप्प राहतो. नवा मेल आला की सर्व्हरच हाक मारतो. दर पाच मिनिटांनी 'आहे का, आहे का' विचारावं लागत नाही. आता आमच्याकडचं दृश्य बघा: कॉम्प्युटर यूपीएसवर, राउटर भिंतीतल्या साध्या प्लगवर. लाइट गेली, राउटर बंद पडला. लाइट आली, राउटर पुन्हा सुरू झाला. कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नाही, तो जुनी जोडणी धरून गप्प बसलेला असतो. ती जोडणी केव्हाच मेलेली असते. पण दोन्ही बाजूंनी गप्प राहायचंच ठरलेलं असल्यामुळे कुणाला संशय येत नाही. गुगल उघडतं, यूट्यूब चालतं, मेल येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही हेच होतं, कारण मोबाइल कंपन्यांचं नेटवर्क काही वेळ शांत राहिलेली जोडणी न सांगता सोडून देतं. प्रोग्रॅम बंद करून उघडला की मेल धडाधड पडतात, आणि गिऱ्हाईक म्हणतं 'रीस्टार्ट केलं की चालतं, म्हणजे विंडोज खराब आहे.' विंडोज बिचारं कशात नसतं. राउटरची वायर त्याच यूपीएसवर घ्या, आणि आयडलसोबत 'दर दहा मिनिटांनी तपासा' हीसुद्धा खूण ठेवा.

लाइटचाच दुसरा प्रताप म्हणजे मदरबोर्डवरचा सेल. रुपयाएवढा गोल, सीआर २०३२. मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवायचं काम त्याचं. तो संपला की लाइट गेल्यावर तारीख मागे जाते, कधी दहा-पंधरा वर्षं. आजचा प्रत्येक मेल सर्व्हर आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. मशीनच्या मते आज २०१० साल असेल, तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही. प्रोग्रॅम जोडणी नाकारतो आणि इंग्रजीत काहीतरी लांबलचक बजावतो. ते कुणीच वाचत नाही, 'ओके' दाबून मोकळे होतात. कोपऱ्यातलं घड्याळ बघायला मात्र कुणालाच सुचत नाही.

मग पासवर्ड. ३० मे २०२२ पासून गुगलने साध्या जीमेल खात्यांसाठी जुन्या पद्धतीचं, नुसत्या पासवर्डाचं लॉगिन बाहेरच्या प्रोग्रॅमना बंद केलं. त्या आठवड्यात माझ्याकडे रांग होती. आता एक तर गुगलचीच खिडकी उघडून परवानगी द्यायची, किंवा दोन पायऱ्यांची पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा वेगळा 'अ‍ॅप पासवर्ड' काढायचा. हा अ‍ॅप पासवर्ड मूळ पासवर्ड बदलताच रद्द होतो. पोराने नव्या मोबाइलवर पासवर्ड बदलला की दुकानातला डेस्कटॉप मुका होतो, आणि पासवर्ड विचारणारी छोटी खिडकी टॅलीच्या मागे लपून बसलेली असते.

इतकं करून मोबाइलवर आणि ब्राउझरमध्येही मेल दिसत नसेल, तर मेल आलाच नाही. मग सगळ्यात आधी साठा बघावा. जीमेलचे फुकटचे १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांचे मिळून आहेत, आणि १ जून २०२१ पासून फोटोंचा बॅकअपही त्यातच धरला जातो. धंद्याचा आणि घरचा पत्ता एकच असला की पुतण्याच्या लग्नाचे फोटो आणि हळदीचे व्हिडिओ पीओची जागा खाऊन टाकतात. साठा भरला की नवा मेल परत जातो. ज्यांचा स्वतःच्या कंपनीच्या नावाचा पत्ता आहे त्यांचं आणखी वेगळं. पत्त्यातल्या त्या नावाचं, म्हणजे डोमेनचं, वर्षाला नूतनीकरण करावं लागतं, आणि मुदत संपल्याची सूचना बऱ्याचदा त्याच पत्त्यावर येते. डोमेन बंद पडलं की ती सूचनाही पोहोचत नाही.

एका गोष्टीवर मी चिडतो, ती म्हणजे फॉरमॅट. मशीन संथ, मेल येत नाही, कर फॉरमॅट. पॉपवर चालणाऱ्या एका ऑफिसचं मशीन कुणीतरी असंच 'स्वच्छ' करून दिलं. माझ्याकडे आलं तेव्हा डेस्कटॉपवरच्या फाइली नीट डी ड्राइव्हला ठेवलेल्या होत्या. प्रोफाइलचं फोल्डर कुणी घेतलं नव्हतं, कारण ते लपलेल्या जागी असतं आणि 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये दिसत नाही. अनेक वर्षांचे मेल गेले. त्या मशीनला फॉरमॅटची गरजच नव्हती. थंडरबर्डमध्ये मेनूतल्या 'हेल्प'खाली 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडलं की प्रोफाइल फोल्डर दाखवणारं बटण आहे. प्रोग्रॅम बंद करून ते फोल्डर जसंच्या तसं बाहेरच्या डिस्कवर टाकलं की झालं. आउटलुकमध्ये अकाउंट सेटिंग्जच्या 'डेटा फाइल्स'मध्ये पीएसटी कुठं आहे ते लिहिलेलं असतं. दुरुस्तीला मशीन देण्याआधी हे स्वतः करा, माझ्याकडे देणार असाल तरीही.

आता न आलेल्या मेलकडे परत. साठ्यात जागा आहे, डोमेन चालू आहे, तरीही पार्टी म्हणते 'आम्ही पाठवलाय', तर त्यांच्याकडून परतीचा मेल मागून घ्या. मेल पोहोचला नाही की पाठवणाऱ्याला सर्व्हर बहुधा उलट टपाली कळवतो. त्यातलं इंग्रजी सोडून द्या, तीन आकडी अंक बघा. चारने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे आणि सर्व्हर आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, चार-पाच दिवससुद्धा. सोमवारचा मेल गुरुवारी येतो त्यातले काही असे असतात. पाचने सुरू होत असेल तर पलीकडून प्रयत्न थांबलेला आहे: ५५० म्हणजे बहुधा पत्ता चुकला किंवा मेल नाकारला गेला, ५५२ म्हणजे पेटी भरलेली. अशा वेळी इकडे जागा करून किंवा पत्ता नीट कळवून मेल पुन्हा पाठवायला सांगावं लागतं, तो आपोआप येत नाही. आणि कोटेशनची वेळ पाचची असेल तर आधी त्यांना फोन करा, मशीन माझ्याकडे नंतर आणा.